चाळीस घोडे, पण हजर किती?

वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात आम्हाला एका लाल एसटीने ओव्हरटेक केलं. आम्हाला म्हणजे मला, शेजारी बसलेल्या बाबांना आणि त्यांच्या 1987 च्या प्रीमियर पद्मिनीला. बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

घरी येऊन त्या रात्री (दुसरं काय करणार?) एक्सेल उघडलं. पुण्यातल्या एका ट्यूनिंगवाल्याने आधीच कोटेशन दिलं होतं. दोन कार्बोरेटर, नवी कॅमशाफ्ट, खास सायलेन्सर, मजुरीसकट 80 हजार. बोनसही नुकताच झाला होता, म्हणजे बेत पक्काच! पण आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: प्रोग्रॅम हळू चालत असेल तर आधी मोजा, वेळ नेमका कुठे जातोय ते बघा, मगच कोडला हात लावा. हा नियम मी ज्युनियर मंडळींना रोज ऐकवतो. मग स्वतःच्या गाडीला का लावला नाही?

तर मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या छोट्या गाडीत कमी खर्चात ताकद वाढवायची असेल, तर नवे घोडे विकत घेऊ नका. आधी जुन्यांची हजेरी घ्या.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. बोअर 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, ताकद साधारण चाळीस बीएचपी. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडताना ते चाळीस घोडे असतीलही, पण आता त्यातले किती कामावर येतात? आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या मामांनी कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर 130 पीएसआयच्या आसपास आणि तिसऱ्या नंबरचा फक्त 95. त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तरी आकडा हलला नाही. म्हणजे पिस्टन रिंग ठीक, गळती व्हॉल्व्हमधून. याचं कारणही जुनंच असावं. 2000 साली देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला गादीसारखं सांभाळायचं. ती गादी गेल्यावर मऊ सीट हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

डिस्ट्रिब्युटर उघडला तर आणखी गंमत. इंजिनचा वेग वाढला की ठिणगी लवकर पडावी म्हणून त्यात दोन छोटी वजनं असतात. ती गंजून चिकटली होती. म्हणजे मी ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी ठिणगी आपली निवांत!

मग हेड उतरवून नवीन कडक सीट बसवल्या, व्हॉल्व्ह लॅपिंग, टॅपेट, सीबी पॉइंट, प्लग, टायमिंग सगळं केलं. पंपावर आता ई-20 मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकला आणि पेट्रोलचे रबरी पाइपही बदलले. एकूण खर्च 14 हजार. तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 70 चा वेग गाठायला आधी 15 सेकंद लागायचे, आता 11. फोनवरचं स्टॉपवॉच, तोच रस्ता, दोन्ही वेळा बाबा शेजारी.

यावर आमच्या ऑफिसातला एक मित्र म्हणतो, "अरे, ही तर दुरुस्ती झाली, ट्यूनिंग कुठे?" बरं, ट्यूनिंगचाही हिशोब करू. हेड फेसिंग करून कॉम्प्रेशन रेशो समजा साडेसातचा साडेआठ केला. पाठ्यपुस्तकी सूत्राने फायदा सुमारे चार टक्के, म्हणजे दीड घोडा. याउलट टपावरचा कॅरियर आणि डिकीतलं 'असू दे, लागेल' छापाचं सामान मी वजनकाट्यावर ठेवलं, ते भरलं 38 किलो. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. म्हणजे घाटात जवळपास तेवढेच चार टक्के फुकटात मिळाले. (आईने फक्त एक चटई परत आत ठेवली.)

ट्यूनिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर लोकांनी ट्यून केलेल्या फियाट पळवल्या आणि त्यांचं मला कौतुकच आहे. पण ती शर्यत होती. आपल्याला रविवारी पाचगणीला जाऊन सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं. शिवाय पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाट चढायला घोडे वाढवले तर उतरताना त्यांना थांबवणार कोण? म्हणून कोटेशनच्या पैशातले पुढचे नऊ हजार मी ब्रेक लायनर आणि व्हील सिलिंडरवर घातले. हा खर्च पहिला करायला हवा होता, हे कबूल.

अजून एक गोष्ट, जिचा मी आधी विचारच केला नव्हता. आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाहीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत. आणि 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले नसावेत. आमच्या गाडीची पन्नाशी 2037 मध्ये आहे. 80 हजार देऊन मी नेमकं तेच घालवणार होतो. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता उरलेली प्रत्येक गाडी मूळ रूपात राहिली तर बरं. जो बदल परत फिरवता येत नाही तो करताना, कोड असो की इंजिन, एक रात्र मधे जाऊ द्यावी.

असो. मागच्या रविवारी पुन्हा पसरणी चढलो. गाडी बाबा चालवत होते, दोन वळणं तिसऱ्या गिअरमध्ये निघाली. वर पोचल्यावर म्हणाले, "पूर्वी अशीच चालायची."

एसटी मात्र कुठे दिसली नाही. तो हिशोब अजून बाकी आहे.