निधीच्या उपलब्धतेनुसार

बांधकामाच्या पैशांचा वाद कोणी किती राबले यावर सुटत नाही, करारात काय लिहिले आहे यावर सुटतो. सरकारला हे पुरते ठाऊक आहे. जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचे काम केलेल्या तरुणाने जीवन संपवले. थकलेल्या बिलांवर बोट ठेवले गेले, तेव्हा सरकारकडून उत्तर आले ते असे, की त्याच्या नावावर कंत्राटच नाही, तो पोट-कंत्राटदार असावा. कायद्याच्या चौकटीत हे उत्तर बसते. म्हणूनच ते अधिक चीड आणणारे आहे.

कंत्राटदार संघटनांनी त्या वर्षी थकबाकीचा आकडा सुमारे 89 हजार कोटी रुपये सांगितला. तो थोडा फुगवलेला मानला तरी थकबाकीचे मूळ कराराच्या कागदावरच आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ‘बी-1’ करारनाम्याच्या नमुन्यात काम रेंगाळल्यास कंत्राटदाराला कलम 2 प्रमाणे दंड ठरलेला आहे. कलम 30 प्रमाणे वादात अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम, म्हणजे पैसे अडवणारे खाते आणि निवाडा देणारे खाते एकच. पैसे कधी मिळणार? त्यावर कार्यादेशांत सर्रास आढळणारी ओळ म्हणजे ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’. तिला ना तारीख, ना व्याज.

अशी ओळ मान्य करून सही केल्यावर न्यायालयाकडून फारशी आशा नसते. 1996 च्या लवाद कायद्यानुसार लवादाला करारातील अटी विचारात घ्याव्याच लागतात, आणि करारात व्याज नाकारले असेल तर निवाड्यापूर्वीच्या काळाचे व्याज देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये गर्ग बिल्डर्स विरुद्ध भेल या प्रकरणात हेच सांगितले. उलट बाजूही आहे. महामार्ग प्राधिकरणाने भाववाढीचे सूत्र परिपत्रक काढून परस्पर बदलले आणि लवादातील बहुमताने ते लावले, तेव्हा 2019 मध्ये न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. सांगयोंग या कोरियन कंपनीला तारले ते करारात स्पष्ट लिहिलेल्या सूत्राने.

मुदतवाढीत तर भलेभले फसतात. ठाण्यातील कळव्याचा तिसरा खाडी पूल रखडत रखडत नोव्हेंबर 2022 मध्ये खुला झाला. अशा कामात जागा, परवानग्या वेळेवर मिळाल्या नाहीत की यंत्रे आणि माणसे बसून राहतात. 1872 च्या करार कायद्याचे कलम 55 सांगते, की दुसऱ्या पक्षाने केलेला उशीर स्वीकारताना भरपाई मागणार असल्याची नोटीस दिली नाही, तर नंतर ती मागता येत नाही. कंत्राटदार मात्र मुदतवाढीचा अर्ज विनवणीच्या भाषेत लिहितो, कारण पुढचे बिल त्याच टेबलावरून जायचे असते! वाढीव कामही तोंडी सांगितले जाते. मोजमाप पुस्तिकेत नोंद नसली की ते झालेच नाही असे ठरते.

ही अडचण सुटणारी आहे आणि सरकारने ती इतरांसाठी सोडवलीही आहे. कळव्यात सदनिका विकणाऱ्या विकासकाला रेरा हा स्थावर मालमत्ता कायदा लागू झाल्यापासून नमुना करारात ताब्याची तारीख लिहावी लागते. ती चुकली तर स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदराहून दोन टक्के जास्त व्याज, आणि ग्राहकाने हप्ता थकवला तरी तोच दर. खासगी विकासकावर 2017 पासून लादलेली ही तारीख आणि हे व्याज सरकार स्वतःच्या कार्यादेशात लिहायला तयार नाही.