हातातले काम, फोनवरचे शब्द

पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँच बंद झाल्या, की अलिबाग-मुरूडच्या उमेदवाराला मुंबईतल्या मुलाखतीसाठी बऱ्याचदा वडखळमार्गे एसटी धरावी लागते आणि अख्खा दिवस त्यातच जातो. त्यामुळे पहिली फेरी फोनवर होणे सोयीचेच आहे. पण या फेरीत चांगले कारागीर गळतात, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर, म्हणजे आयटीआयच्या निदेशकांवर आणि भरती करणाऱ्यांवर आहे.

डोलवी, नागोठणे, थळ इथल्या कारखान्यांत शटडाउनच्या कामाला वेल्डर-फिटर लागतात. फोनवर प्रश्न येतो, ‘सिक्स-जीमध्ये पाइप कसा असतो?’ मुलाने तो जोड कितीदा तरी मारलेला असतो. समोर असता तर ४५ अंशांत तिरका हात धरून त्याने दाखवले असते. फोनवर हात दिसत नाही. तो शब्द शोधत गप्प होतो आणि पलीकडे ‘येत नाही’ अशी नोंद होते.

यावर वर्कशॉपमध्येच सराव हवा. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाने डायल गेजने कपलिंगचे अलाइनमेंट कसे करायचे ते सांगावे, दुसऱ्याने ऐकून पायऱ्या लिहाव्यात. लिहिणारा जिथे अडेल तिथे सांगणाऱ्याचे शब्द कमी पडले. आधी मराठीत, मग हिंदीत. मान डोलावून भागत नाही, ‘हो साहेब, ऐकतोय’ म्हणावे लागते, हेही तिथेच कळते.

भरती करणाऱ्यांनी अवेळी फोन करणे थांबवावे. मुलगा एसटीत किंवा बंदरावर असतो आणि संधी जाईल या भीतीने ‘बोला’ म्हणतो. आदल्या दिवशी मेसेजवर वेळ, कंपनीचे नाव आणि कामाचा विषय कळवायला काय लागते? पत्र्यावर पाऊस कोसळत असेल किंवा रेंज गेली, तर तो उमेदवाराचा निष्काळजीपणा नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडच्या गावांत वीज आणि फोन किती दिवस बंद होते, ते आपण पाहिले आहे. कॉल तुटला तर परत आपणच लावावा.

जहाजावरच्या नोकरीचा फोन आला, तर मुलांनी एजंटाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी-भरतीचा, परवाना क्रमांक आधी विचारावा आणि तो नौवहन महासंचालनालयाच्या यादीत पाहावा. भरतीसाठी खलाशाकडून फी घेण्यास नियमांनी बंदी आहे. पैशांची गोष्ट निघाली, की फोन तिथेच ठेवायला शिकवा.