तातेवचा मठ आणि आमचा शनिवारचा वर्ग

दुबईहून येरेवान विमानानं साधारण तीन तासांवर. त्यामुळे इथली बरीच मराठी मंडळी ईदच्या सुट्टीत आर्मेनियाला जाऊन येतात. आम्हीही गेलो. दक्षिणेकडच्या तातेव मठासाठी अख्खा दिवस मोडतो, पण व्होरोतान नदीच्या दरीवरून जाणारा पावणेसहा किलोमीटरचा रोपवे सगळ्यांनाच हवा असतो. रोपवेचे फोटो झाले, की लोक मठात वीस मिनिटं फिरून परत निघतात. माझं म्हणणं, मठाला जरा जास्त वेळ द्या.

कड्यावरचं मुख्य चर्च ८९५ ते ९०६ या काळात बांधलं. अंगणात आठ मीटर उंच दगडी खांब आहे. तो डोलायचा आणि त्यावरून भूकंपाची, शत्रूच्या फौजेची चाहूल लागायची, असं सांगतात. चाहूल लागून उपयोग किती झाला, कोण जाणे! ११७० मध्ये सेल्जुक तुर्कांनी मठ लुटला, हजारो हस्तलिखितं जाळली. १९३१ च्या भूकंपात घुमट आणि घंटाघर कोसळलं. घुमट पुढे पुन्हा उभारला.

मला भावली ती मधली गोष्ट. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, तैमूरच्या स्वाऱ्यांनी मुलूख होरपळत असताना, इथे विद्यापीठ चालत होतं! गुरू होव्हान वोरोत्नेत्सींची परंपरा ग्रिगोर तातेवात्सींनी इथे चालवली. धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान, व्याकरण, संगीत, शिवाय पोथ्या लिहिणं आणि चितारणं. ग्रिगोर १४०९ मध्ये गेले. त्यांची समाधी चर्चला लागूनच आहे. १४३० च्या दशकात तैमूरचा मुलगा शाहरुख याच्या स्वाऱ्या झाल्या आणि विद्यापीठ बंद पडलं. पण तोवर शिष्य ठिकठिकाणी पांगले होते. त्यांतल्या तोव्मा मेत्सोपेत्सींनी वान सरोवराच्या उत्तरेकडच्या मठात शिकवणं चालू ठेवलं, तैमूरच्या काळाचा इतिहासही लिहून ठेवला.

पुढे आर्मेनियन माणसं जगभर गेली. त्यांच्या भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक १७९४ मध्ये निघालं, ते कुठे? आपल्या मद्रासला. घरापासून लांब राहूनही ते लिहीत-शिकवीत राहिले.

आणि आपण? आमच्याकडे गणपतीच्या कार्यक्रमाला हॉल पुरत नाही. शनिवारच्या मराठी वर्गाला मात्र नऊ मुलं. फुटबॉलची मॅच असली की चार. दोन वर्षं शिकवून मीही यंदा वर्ग सोडायच्या विचारात होते.

तूर्त तो विचार रद्द केलाय. पण एकटीनं जमायचं नाही. ढोल-ताशा हवाच, मलाही आवडतो. फक्त वर्षाचा खर्च ठरवताना आधी मुलांच्या पुस्तकांचे पैसे बाजूला काढा, आणि आठवड्याला दोन तास शिकवायला कुणीतरी पुढे या. येत्या शनिवारी चारच मुलं आली, तरी जोडाक्षरं शिकवायची ठरलीच आहेत.