डिकोडर जळाला म्हणण्याआधी

भुसावळच्या शेडमध्ये विजेचे एंजिन दुरुस्तीला आले की आधी त्याची तपासणी होते. मग प्रतिकृतीतले डिजिटल एंजिन अडले की ‘चिप गेली’ म्हणून आपण मोकळे का होतो?

या एंजिनाला वीज आणि हुकूम एकाच रुळांतून मिळतात. रुळांवरील विद्युतदाब सतत उलटसुलट होतो. अर्धा स्पंद ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर तो ‘१’, सुमारे १०० किंवा अधिक असला तर ‘०’. हुकमाच्या शेवटी पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही, तर डिकोडर हुकूम सोडून देतो. म्हणजे आपल्या खानदेशी उन्हाळ्यातली धूळ चाकांवर बसली तरी पुरे!

तेव्हा आधी रूळ आणि चाके पुसा. मग त्याच रुळांवर दुसरे एंजिन चालवा. ते धावले, तर दोष पहिल्यात. दिवा हुकूम पाळतो पण चाक फिरत नाही? मग रूळ निर्दोष. मोटर, दंतचक्रे, तारा पाहा. डिकोडर खरेच जळाला असेल, तर मोटरचे टोक रुळाकडून येणाऱ्या तारेला कोठे चिकटले आहे का, हे जोडण्या सोडवून मल्टीमीटरने तपासा. नाहीतर नवाही जळेल.

शिक्षकांनाही एक सांगणे. प्रात्यक्षिकाला आपण नेहमी धडधाकट मंडल देतो. कधीतरी एक तार मुद्दाम सोडून ठेवा आणि दोष कसा शोधला, यालाच गुण द्या. जळगाव-धुळ्याच्या शाळांत डिजिटल एंजिन कोठून आणायचे? साधी विजेरी चालेल.