वाटाणा पुस्तकात, विळा रक्तात

भंडारा जिल्ह्यात जुलैच्या सुमारास दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक बांध्यांतील रोवणीचा आणि दुसरा महाविद्यालयांतील प्रवेशाचा. लाखांदूर तालुक्यातील दिघोरीसारख्या गावातून सकाळच्या एस.टी.ने विज्ञान शिकावयास बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी जे जीवशास्त्राची वाट धरतात, त्यांच्या पुढ्यात प्रारंभीच्याच वर्षांत 'पेशीविज्ञान व आनुवंशशास्त्र' नावाचा विषय येऊन पडतो. विद्यार्थ्यांत या विषयाची कीर्ती बरी आहे. आकृत्या नेटक्या काढाव्यात, संज्ञा घोकाव्यात, वाटाण्याचे चौकोन भरावेत आणि गुण पदरात पाडून घ्यावेत, इतका तो सोपा मानला जातो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, पूर्व विदर्भात तरी हा विषय इतका सोपा मानणे परवडणारे नाही. कारण त्यातील एक प्रकरण येथील हजारो घरांत मुक्कामाला आहे.

हा विषय बहुतेक ठिकाणी कसा शिकविला जातो, ते पाहावे. प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाचे टोक घ्यावयाचे, रंगवावयाचे, काचपट्टीवर चिरडावयाचे आणि सूक्ष्मदर्शकात गुणसूत्रांची हालचाल शोधावयाची. ती सापडली तर आनंद, न सापडली तर पुस्तकातील आकृती आहेच. वर्गात मेंडेलचा वाटाणा येतो, मग फळमाशी येते. रक्तगटांचे प्रकरण निघाले की १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणलेला 'मुंबई रक्तगट' येतो, आणि आपल्या राज्याचे नाव जगाच्या पुस्तकात पाहून अध्यापकासही क्षणभर बरे वाटते. त्यानंतर उत्परिवर्तनाच्या प्रकरणात सिकलसेलचा एक परिच्छेद असतो. त्याच्या शेजारी बहुधा आफ्रिकेचा नकाशा असतो. तास संपतो. ज्या वर्गात हा परिच्छेद वाचला गेला, त्याच वर्गात त्या जनुकाचे काही वाहक बसलेले असण्याचा चांगलाच संभव असतो, ही गोष्ट कोणी बोलत नाही. पुष्कळदा कोणाला सुचतही नाही.

वस्तुतः या रोगाचा इतिहास म्हणजे आधुनिक आनुवंशशास्त्राचा निम्मा इतिहास होय. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पाऊलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या रोगाला 'रेणूचा रोग' म्हणण्याचा तो आरंभ. १९५६ मध्ये व्हर्नन इंग्राम यांनी त्या रेणूत नेमका फरक कोठे आहे, ते हुडकून काढले. बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले आहे, इतकाच तो फरक. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळल्याची नोंद झाली. पुढे अवघ्या सहा वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे आपले निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. म्हणजे पुस्तकात आफ्रिकेचा नकाशा छापला जात असताना आपल्या भागाचा पुरावा कित्येक दशके ग्रंथालयात पडून आहे. तो तासाला आणावयास कोणाची परवानगी लागत नव्हती आणि आजही लागत नाही.

आणि उदाहरण म्हणूनही याहून सरस काय असणार? 'सिकल' म्हणजे विळा. धान कापणाऱ्या गावात विळा कसा असतो, हे सांगावे लागत नाही. निरोगी तांबडी पेशी मऊ व चपटी असते, अतिशय अरुंद केशवाहिनीतूनही ती अंग चोरून निघून जाते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू सोडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून लांब दोरे बनतात, पेशी ताठरते, वाकते, वाहिनीत अडकते आणि दहा-वीस दिवसांत फुटून जाते. त्यातून रक्तक्षय होतो, पिवळे डोळे होतात, आणि हाडांत असह्य वेदना उठतात. त्या वेदनांना पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे 'वात' म्हणून शेक दिला गेला आहे. जनुकातील एक अक्षर बदलते, प्रथिनाचा एक मणी बदलतो, पेशीचा आकार बदलतो, शरीर आजारी पडते आणि शेवटी घराचा संसार विस्कटतो. अभ्यासक्रमातील चार प्रकरणे एकाच सूत्रात ओवणारे असे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. शिवाय प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रकच नसते. मग केंद्रकातील जनुकाचा दोष तिच्यात आला कोठून? हा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. घोकंपट्टी तेथेच थांबते.

'प्रभावी' आणि 'अप्रभावी' या शब्दांचेही तसेच. वाटाण्याच्या भरवशावर विद्यार्थी असे समजून चालतो की, जनुकाला जन्मतःच प्रभावी किंवा अप्रभावी अशी जात असते. सिकलसेलचे उदाहरण त्याला थबकावयास लावते. आजाराच्या दृष्टीने पाहिले तर हे जनुक अप्रभावी. दोन्ही पालकांकडून आले तरच आजार होतो. पण वाहकाच्या रक्ताची प्रयोगशाळेत तपासणी केली तर दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिने शेजारी शेजारी दिसतात. तेथे कोणी कोणाला झाकीत नाही. म्हणजे उत्तर आपण कोठे पाहतो, यावर अवलंबून असते.

पण खरी अडचण आहे ती अपूर्णांकांची. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता एक चतुर्थांश, वाहक होण्याची निम्मी आणि पूर्ण निर्दोष असण्याची एक चतुर्थांश, हे विद्यार्थी परीक्षेत चौकोन काढून बिनचूक लिहितो. तोच विद्यार्थी गावी गेल्यावर शेजारचा गृहस्थ त्याला विचारतो, "पहिला पोरगा आजारी निघाला, आता पुढचे तीन तरी चांगले निघतील ना?" येथे पदवीची परीक्षा होते. मेंडेलने ७३२४ बिया मोजल्या, त्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या निघाल्या. हजारोंच्या राशीत तीनास एक हे प्रमाण दिसते. माणसाच्या घरात दोन अपत्ये असतात. प्रत्येक गर्भधारणा हा नवा फासा आहे आणि मागच्या दानाची त्याला आठवण नसते. अशा दांपत्यास दोन अपत्ये झाली तर त्यांपैकी निदान एक आजारी असण्याची शक्यता सोळात सात, म्हणजे सुमारे ४४ टक्के येते. आणि चार अपत्ये होऊनही एकही आजारी नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के उरते. हे गणित आठवीच्या मुलालाही जमेल. तरीही ते पदवीच्या वर्गात क्वचितच मांडले जाते, कारण वाटाण्याच्या बाबतीत त्याची कोणाला निकड नसते.

'वाहक' या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. परिभाषा करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. पण खेड्यात हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. एक एस.टी.त, जेथे वाहक तिकिटे फाडतो. दुसरा हिवतापाच्या भित्तिपत्रकावर, जेथे डास हा रोगाचा वाहक असतो. तपासणीच्या कागदावर 'वाहक' असे वाचणारा माणूस पहिला अर्थ घेत नाही, दुसरा घेतो. आपल्यापासून दुसऱ्याला लागण होईल, अशी त्याची समजूत होते, आणि ताटवाटी वेगळी होण्यास तेवढे कारण पुरते. वाहक हा सामान्यतः रुग्ण नसतो, त्याच्या स्पर्शाने कोणाला काही होत नाही. त्याचे लग्न सिकलसेलचे जनुक किंवा हिमोग्लोबिनचा दुसरा तसाच दोष नसलेल्या जोडीदाराशी झाले, तर त्यांच्या अपत्यांस हा आजार होत नाही. या तीन वाक्यांसाठी एखादा तास खर्ची पडला तर अभ्यासक्रम मागे पडेल, असे मला वाटत नाही.

मग हे जनुक नेमके येथेच का, असा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत शोधले. सिकलसेलच्या वाहकास घातक हिवतापापासून पुष्कळ अंशी संरक्षण मिळते. जेथे तो हिवताप पिढ्यान्‌पिढ्या बालके नेत होता, तेथे वाहक बालके जगली आणि जनुक टिकले. तलावांच्या, धानाच्या आणि जंगलाच्या या मुलखात हिवताप किती जुना आहे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावे. काही अनुसूचित जाती-जमातींत हे प्रमाण अधिक आढळते, अन्य समाजांतही ते सापडते. जातीतल्या जातीत लग्ने करण्याच्या आपल्या रिवाजाने त्याला त्या त्या वर्तुळात कोंडून ठेवले, इतकेच. ज्या गोष्टीने पूर्वजांना तारले, तिची लाज नातवंडांनी का बाळगावी? मात्र हे सांगताना रुग्णाचे दुःख हलके करू नये. संरक्षण वाहकाला मिळते. आजारी मुलाच्या वाट्याला वेदनाच येतात, आणि हिवताप झाला तर तो त्याला अधिकच धोकादायक असतो.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. हा विषय वर्गात इतका जवळ आणला तर मुलांची चिकित्सा सुरू होईल, मुलींच्या लग्नात विघ्ने येतील, एखाद्या समाजाकडे बोट दाखविले जाईल, असे म्हटले जाईल. भीती खरी आहे. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या रक्ताची तपासणी वर्गात होता कामा नये, हे मी आग्रहाने म्हणतो. एक थेंब रक्त, सोडियम मेटाबायसल्फाइटचा द्राव आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर विळे दिसू शकतात, त्यामुळे उत्साही अध्यापकाला मोह होणे स्वाभाविक आहे. तो त्याने आवरावा. वर्गात जिल्हा रुग्णालयातून, कोणाचे रक्त आहे हे न सांगता मिळालेली तयार काचपट्टी दाखवावी. ज्याला स्वतःची तपासणी करून घ्यावयाची असेल, त्याने ती आरोग्य केंद्रात करून घ्यावी, आणि तिचा निकाल त्याचा त्याने जाणावा. हजेरीपटाशेजारी रक्ताची यादी लागली की शिक्षण संपले असे समजावे. मुलीचे कार्ड मागणाऱ्या वरपक्षाने मुलाचे कार्ड आधी पुढे ठेवावे, हेही याच तासात स्पष्ट सांगता येईल. चौकोनाला दोन बाजू असतात, हे मेंडेलनेच दाखवून ठेवले आहे.

शासनाच्या बाजूने काही घडत नाही, असे म्हणता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. तीन वर्षांत सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. त्याच २०२३ सालच्या अखेरीस जनुकांत फेरफार करणाऱ्या उपचारास आधी ब्रिटनमध्ये व मग अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची किंमत ऐकून सध्या तरी गप्प बसणेच प्राप्त आहे. तपासणी कोटींची झाली तर कार्डेही कोटींची होणार. ती वाचून दाखविणारा माणूस प्रत्येक गावात कोण असेल? आशाताईंवर आधीच किती ओझे आहे, ते आपण पाहतोच. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिलेला आणि अपूर्णांकांचा अर्थ जाणणारा दिघोरीतला माणूस म्हणजे सकाळच्या एस.टी.ने गेलेला तो विद्यार्थीच होय.

जवळची वस्तू नीट पाहण्यातूनही आनुवंशशास्त्र उभे राहते, याचा दाखला शोधावयास फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या हेरल्या, त्यांचे बी राखले, पुढच्या हंगामांत निवडीत नेले, आणि त्यातून 'एचएमटी' हे वाण निघाले. शाळा त्यांच्या वाट्याला फार थोडी आली होती. २०१८ मध्ये ते वारले. विविधता आणि निवड या प्रकरणांत त्यांचे नाव आले तर रोवणीवरून थेट वर्गात येणाऱ्या मुलाला आपण परक्या मुलखात आलो आहोत, असे वाटणार नाही.

राहता राहिली भाषा. विषय इंग्रजीतून शिकविला जातो आणि मुलगा तो इंग्रजीत पाठ करतो. पण आई विचारते ती मराठीत, तेही झाडीपट्टीच्या मराठीत. संज्ञा इंग्रजी राहू द्याव्यात, त्याबद्दल तंटा नाही. समजावून सांगण्याचा सराव मात्र मराठीतच व्हावयास हवा, आणि सराव व्हावयाचा तर तो परीक्षेत असावयास हवा, कारण परीक्षेत नसलेले आपल्याकडे कोणी करीत नाही. म्हणून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला एक प्रश्न सुचवितो: 'एक युवक व एक युवती दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत आणि त्यांचा विवाह ठरला आहे. युवतीच्या आईला, जिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, अपत्यांविषयीची शक्यता आणि उपलब्ध मार्ग समजतील अशा शब्दांत सांगा.' या प्रश्नाला दहा गुण असावेत, उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा असावी आणि चौकोन काढल्याबद्दल त्यांतील दोनच गुण मिळावेत.