‘आराम कर’ एवढं सांगून भागत नाही

ऑक्टोबर लागला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रेसनोटांची रांग लागते. स्तनाच्या कॅन्सरची जनजागृती, रॅली, गुलाबी फुगे, दीपप्रज्वलन, मान्यवरांची भाषणं. बातम्या मीही लावतो. तपासणी करा, गाठ लपवू नका, हे सांगायलाच हवं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला. पण ऑपरेशन होऊन, केमो घेऊन जी बाई घरी परत येते, तिच्याबद्दल एकही प्रेसनोट येत नाही. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

घरी आल्यावर सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचं एकच: "आराम कर. हाताला ताण देऊ नको. बाहेर पडू नको." बोलतात सगळे मायेनंच. पण आमच्याच तालुक्यातल्या एका ताईंचं काय झालं ते मी पाहिलंय. ऑपरेशननंतर चार महिने त्यांनी उजवा हात छातीशी जपून धरला. खांदा इतका आखडला की वेणी घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना. घरच्यांना वाटलं, आजार उलटला. फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर कळलं, हात हललाच नाही म्हणून हे झालं. भिंतीवर बोटं हळूहळू वर चढवत नेण्याचा साधा व्यायाम वेळेत कुणी शिकवला असता, तर बराच त्रास वाचला असता.

हाताला सूज येईल ही भीती खोटी नाही. काखेतल्या ग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हातातला द्रव वाहून जायच्या वाटा कमी होतात आणि हात सुजू शकतो. याला लिम्फेडीमा म्हणतात. म्हणून पूर्वी डॉक्टरही हात जपायलाच सांगायचे. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी हा समज तपासायचं ठरवलं. उपचार झालेल्या २४ बायकांची त्यांनी आधी तयारी करून घेतली आणि मग त्यांना ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. एकीलाही नव्यानं सूज आली नाही. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका त्यात होत्या. त्यातल्या एका गटानं आठवड्यातून दोनदा वजन उचललं, तेही नीट शिकून, अगदी सावकाश वाढवत. त्यांची सूज वाढली नाही. उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

केमोच्या थकव्याचंही तसंच. तो नुसतं झोपून जात नाही. थोडं थोडं चालणाऱ्या बाईला तो कमी जाणवतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं २०१९ मध्ये सोपा हिशोब दिलाय: आठवड्यातून तीनदा साधारण अर्धा तास जरा भरभर चालणं, आणि दोनदा ताकदीचा व्यायाम. अर्धा तास जमत नसेल तर पाच मिनिटांपासून सुरुवात करा. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

आता कुणी म्हणेल, "आमच्या बायका घरात राबतातच की!" तिथंच तर चुकतंय. आपल्याकडे दोन महिने तिला कॉटवरून उठू देत नाहीत. मग एक दिवस पाहुणे येतात, नळाला पाणी येतं, आणि घागर थेट तिच्या हातात. त्या अभ्यासात वजन जवळपास शून्यापासून सुरू झालं होतं. आपण भरलेल्या घागरीपासून सुरू करतो.

एक नक्की लक्षात ठेवा. व्यायाम म्हणजे उपचार बंद करायचा परवाना नव्हे. ताप असेल, रक्तातल्या पेशी फार कमी झाल्या असतील, चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. आजार हाडात गेला असेल किंवा औषधांचा हृदयावर परिणाम झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

पण आमच्या गावात ती चालणार कुठे? मैदानावरचे निम्मे दिवे बंद. स्वच्छतागृहाला कुलूप. ओपन जिमच्या यंत्रांवर टॉवेल वाळत घातलेले. आणि डोक्याला स्कार्फ बांधलेली बाई दिसली की वळून वळून बघणारे आपण.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन, केमो, रेडिएशन होतं. गरीब घरांना हा फार मोठा आधार आहे. मग सुट्टीच्या कागदासोबत मराठीत, चित्रांसह, व्यायामाचं एक पान द्यायला काय हरकत आहे? उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस या बायकांसाठी फिजिओथेरपिस्ट मिळावा. मैदानावर दिवे लागावेत आणि स्वच्छतागृह उघडं राहावं. एवढ्या तीनच मागण्यांचं निवेदन मी तयार केलंय. नगरपरिषदेच्या पुढच्या सभेआधी आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे ते देणार आहे. सही करायची असेल त्यांनी मला कळवा.

आणि घरातल्या पुरुषांनो, निवेदनाची वाट बघू नका. घागर तुम्ही उचला, आणि संध्याकाळी तिच्यासोबत दहा मिनिटं चालून या. तिच्या वेगानं.