पडीक वावर आधी कापा, मग नांगरा. काडी लावू नका



ऊस लागवडीच्या नोंदी घेताना आमच्या ऊसविकास विभागाला एक गोष्ट सारखी आढळते. सातबारावर वावर तीन एकर, पण लागवडीला निघते दीडच एकर. बाकीचे कुठे गेले म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले : "साहेब, ते पडीक आहे, रान माजलं तिथं." कुणाचा वाटणीचा वाद, कुणाची पोरं कामधंद्याला बाहेरगावी, तर कुणी रोही-डुकरांना कंटाळून वावर सोडलेले. दोन-तीन पावसाळे गेले की तिथे कांस, कुंदा, तरोटा, गाजरगवत माजते. धुऱ्याकडून रायमुनिया आत सरकते, पळसाची फूट वर येते. मग आत माणूस उभा असला तरी बाहेरून दिसत नाही.

गडचांदूर-कोरपना भागात कापूस-सोयाबीनच्या मानाने ऊस लावणारे थोडे. त्यातही पाण्याखालची जमीन मोजकी. अशा ठिकाणी विहिरीलगतचे किंवा पाटाखालचे एकरभर वावर रानात जाणे परवडणारे नाही, हे सांगायला कृषी पदविका लागत नाही. प्रश्न आहे तो हे रान मोडायचे कसे याचा.

आपल्याकडे दोन मार्ग रूढ आहेत. एक, उन्हाळ्यात काडी लावून मोकळे होणे. दुसरा, भाड्याचा रोटाव्हेटर आणून एकदम उभ्या रानात घालणे. आमचे स्पष्ट मत आहे की दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. आधी ट्रॅक्टरवरच्या रोटरी कटरने रान कापावे, कापलेले तिथेच पसरू द्यावे, आणि मग उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. हा मार्ग थोडा लांबचा आहे, पण पुन्हा त्याच रानाशी गाठ पडू द्यायची नसेल तर दुसरा नाही.

काडी लावल्याने काय होते ते पाहा. वरचे वाळलेले जळते. त्यातला नत्र धुरावाटे निघून जातो आणि जमिनीला मिळायचा सेंद्रिय कर्ब राख होतो. पण कांसाचे, कुंद्याचे, हराळीचे मूळखोड जमिनीखाली सुखरूप राहते. उलट आग गेल्यावर थोडी ओल मिळाली की तिथेच हिरवी लुसलुशीत फूट येते. गुराखी जुन्या काळापासून गवताला आग लावत आले ते याच फुटीसाठी. गवत मारायला नव्हे, नवे उगवायला! जी गोष्ट गुराख्याला माहीत आहे ती आपण बागायतदारांनी विसरावी हे बरे नव्हे.

शिवाय आपले वावर एकटे नाही. शेजारी दुसऱ्याचा उभा ऊस असतो, ठिबकच्या नळ्या असतात. उसाला एकदा ठिणगी लागली की वजन आणि उतारा दोन्ही झपाट्याने घसरतात, तो तातडीने तोडून गाळपाला आणावा लागतो आणि जळीत उसाची कपात सोसावी लागते. काडी एकाची, कपात दुसऱ्याची. त्यापलीकडे जंगल. आपल्या जिल्ह्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो आणि नेमके याच दिवसांत आपण धुरे पेटवतो. राखीव जंगलात आग जाऊ देणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. वारा फिरला होता, ही सबब तिथे चालत नाही.

आता रोटाव्हेटर. यंत्र चांगले आहे, आमचा यंत्रावर राग नाही. पण उसाची लागवड आपण कशी करतो? बेण्याचे तुकडे करतो, एक डोळ्याचे, दोन डोळ्यांचे टिपरे मातीआड करतो, आणि प्रत्येक टिपऱ्याला कोंब येतो. कांसाच्या आणि हराळीच्या मूळखोडालाही असेच डोळे असतात. उभ्या रानात रोटाव्हेटर घातला म्हणजे त्या मूळखोडाचे हजारो टिपरे करून आपल्याच हाताने वावरभर सारखे पसरले. महिनाभर वावर लोण्यासारखे दिसते. त्यानंतर जे उगवते ते पाहून सभासद आमच्याकडे येतात आणि बेणे खराब होते म्हणतात.

कांस तर उसाचा सख्खा भाऊबंद आहे. कोइंबतूरच्या ऊस पैदास केंद्राने कांसाच्या संकरातूनच को २०५ ही जात १९१८ साली दिली, आणि पुढच्या अनेक जातींतला काटकपणा त्याच घराण्यातून आला. म्हणजे ज्याच्याशी भांडतो आहोत तो आपल्याइतकाच चिवट, घरातलाच माणूस आहे.

कांसाने किती जमीन खाल्ली होती याची कल्पना नव्या पिढीला नसेल. स्वातंत्र्याच्या सुमारास मध्य प्रदेश, भोपाळ, उत्तर प्रदेश या भागांत लाखो एकर काळी जमीन कांसाखाली पडीक होती. (त्या वेळी आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशातच होता, आणि राजुरा तालुका हैदराबाद राज्यात.) १९४७ साली केंद्र सरकारने त्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर तिने कामाला लावले. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेही मुख्यतः याच कांसाच्या जमिनी मोडायला. त्यांची पद्धत एकच : भर उन्हाळ्यात जड ट्रॅक्टरने खोल नांगरट करायची, मूळखोड वर काढायचे आणि उन्हात वाळवून मारायचे. त्या संघटनेकडे साखळीचे अजस्र ट्रॅक्टर होते, आपल्याकडे ४५ अश्वशक्तीचा. म्हणून आपल्याला नांगराच्या आधी कटरची गरज. पुरुषभर रानात पलटी नांगर घातला तर दहा पावलांत गवत गुंडाळून तो जाम होतो.

रोटरी कटर म्हणजे तीन टोकांच्या जोडणीवर मागे बसणारे लोखंडी टोपण, त्याच्या आत गिअर बॉक्स आणि आडवी फिरणारी पाती. काही ठिकाणी याला स्लॅशर म्हणतात. पाती घट्ट बसवलेली नसून खिळीवर झुलती असतात, खुंट लागला की मागे सरतात. अमेरिकेत अलाबामातल्या सेल्मा गावी १९५१ पासून असे कटर बनू लागले आणि त्याला नाव पडले 'बुश हॉग', म्हणजे झुडपे खाणारे डुक्कर. आपल्याकडे हे नाव ठेवले असते तर एकही यंत्र खपले नसते!

पाच फुटी कटर ताशी चार किलोमीटरने चालवला तर कागदावर तासाला दीड एकर बसतो. वळणे, फेऱ्यांची चढाओढ आणि जाड रान धरून एकर झाला तरी काम चांगले म्हणावे. अंगठ्याएवढ्या जाडीची खोडे सहज कापली जातात. मनगटाएवढी झाडे आधी कुऱ्हाडीने काढावीत, आणि तीही जमिनीलगत सपाट. तिरका खुंट ठेवला तर तो टायरमध्ये शिरतो. सागवान, मोह, ऐन, बिजा अशी झाडे वावरात उगवली असतील तर परवानगीवाचून हात लावू नये.

वेळेचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे आणि त्यावर आमच्याकडे सोपे उत्तर नाही. गाजरगवत फुलावर येण्याआधी कापले पाहिजे. एकेक झाड हजारो बी टाकते. फुलल्यावर कटर घातला तर आपणच बी पेरत फिरलो. कांसही पावसाळा सरता सरता तुरा काढतो. म्हणजे योग्य वेळ भादव्यातली, आणि भादव्यात आपल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर पोटापर्यंत रुततो. रुतला नाही तरी चाकोरीत जमीन दबून बसते आणि ती पुढे उसाच्या मुळांना नडते. आमचा सल्ला असा की पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत उघडीप मिळेल तेव्हा, वापसा आल्याबरोबर, चढावरचा भाग कापून घ्यावा. सखल भागातले फुलू लागलेले गाजरगवत हातमोजे घालून मुळासकट उपटावे, त्याने अंगाला खाज सुटते आणि दमाही होतो. दिवाळीनंतर राहिलेले रान कापावे, फूट आली की पुन्हा एकदा. दोन-तीन कापण्यांत मूळखोडातला साठा खर्ची पडतो. त्यानंतर एप्रिल-मेच्या उन्हात खोल नांगरट आणि मूळखोडाची वेचणी. मग ताग किंवा धैंचा गाडून पूर्वहंगामी लागवड साधते. वर्ष जाते हे खरे. तणनाशकाचे बरेच जण विचारतात. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पण पुरुषभर रानावर फवारा मारणे म्हणजे पैसे पानावर आणि विष अंगावर, एवढे आताच सांगून ठेवतो.

आता जे लिहितो ते घरातल्या बाईमाणसांनाही वाचून दाखवावे.

ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याचा दांडा साधारण ३५ मिलिमीटर जाड. हिशेब केला तर एका सेकंदात मीटरभर कापड तो गुंडाळतो. दुपट्ट्याचे टोक, धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर अडकला तर "अरे थांबव" म्हणायला वेळ मिळत नाही. दांड्यावर प्लॅस्टिकचे कवच येते. भाड्याच्या यंत्रांवर ते बहुधा फुटलेले किंवा काढून टाकलेले असते, "ग्रीस भरायला आड येते" म्हणून. कवच नसलेले यंत्र वावरात घेऊच नये, मालक ओळखीचा असला तरी. खाली पात्यांच्या टोकाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. आपल्याकडे चुनखडीचा पट्टा, म्हणून तर सिमेंट कारखाने आले. तेच दगड गवतात दडलेले असतात आणि पात्याला लागले की गोफणीतून सुटावे तसे सुटतात. पुढची-मागची साखळ्यांची झालर शाबूत हवी आणि काम चालू असताना १०० मीटरच्या आत कोणी नको. पीटीओ बंद केला तरी पाती काही वेळ फिरत राहतात. अडकलेले काढायला खाली वाकण्याआधी इंजिन बंद करून चावी खिशात घालावी आणि कटरखाली ओंडका द्यावा. हायड्रोलिकच्या भरवशावर राहू नये.

आणि मडगार्डवर पोरगा बसवू नये. हौस असते, पोरगाही हट्ट करतो. पण मडगार्डवरून घसरलेला पोरगा चाकाखाली जातो, आणि चाकातून वाचला तर मागे पाती आहेत.

पडीक वावरात आणखी एक धोका म्हणजे विनाकठड्याची जुनी विहीर. मालकाला ठाऊक असते, भाड्याच्या ड्रायव्हरला नसते. म्हणून मालकाने स्वतः हजर राहून विहीर, खड्डा, तुटक्या कुंपणाची तार या ठिकाणी उंच बांबूला लाल चिंधी बांधून द्यावी. डुकरांसाठी कोणी विजेची तार सोडलेली असेल तर तिथे माणसाचाही जीव जातो, ती आधी उतरवलीच पाहिजे. ही पाहणी एकट्याने करू नये. ऊन वर आल्यावर चार-पाच जणांनी काठ्या आपटत, बोलत जावे.

याचे कारण सांगायला नको. २०१९-२० मध्ये राजुरा-विरूर भागात एका वाघाने आठ माणसे मारली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तो जेरबंद होईपर्यंत लोक वावरात जायला धजत नव्हते. माजलेले रान हे डुकरांचे घर, आणि डुकरांच्या मागे वाघ-बिबट येणारच. म्हणूनच पडीक वावर गावालगत ठेवणे हा एकट्या मालकाचा प्रश्न राहत नाही. कापताना मात्र चहूबाजूंनी गोल फेरे घेत आत जाण्याची आपली सवय सोडली पाहिजे. तसे केल्याने आतले जनावर मधल्या तुकड्यात कोंडले जाते आणि शेवटच्या फेऱ्याला अंगावर येते. गावाच्या बाजूने सुरुवात करावी आणि जंगलाच्या बाजूला सरकत जावे, म्हणजे त्याला वाट राहते. पिल्ले दिसली तर ट्रॅक्टर मागे घेऊन वनरक्षकाला कळवावे.

शेवटी खर्चाचे. दोन-तीन एकरांच्या सभासदाने वर्षातून आठवडाभर लागणारे यंत्र विकत घ्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. अनुदान आहे म्हणून घेतलेली कितीतरी अवजारे गोठ्यामागे गंजताना आम्ही पाहतो. आमच्या मते कारखान्याने गटनिहाय एकेक कटर ठेवावा, शिकलेला ड्रायव्हर द्यावा आणि भाडे ऊसबिलातून वळते करावे. भाडे तासावर असावे, एकरावर नको. एकरावर ठरवले की ड्रायव्हर गिअर वाढवतो, मग दगड पाहायला कोणाला सवड? काही सभासदांचे म्हणणे असे की नियमित ऊस घालणाऱ्यांच्या पैशाने पडीकवाल्यांचे रान का कापावे. हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून कापलेल्या क्षेत्रावर दोन वर्षांत लागवड करण्याची लेखी हमी घ्यावी, न केल्यास पूर्ण भाडे वसूल करावे. हा विषय सर्वसाधारण सभेत सभासदांनीच मांडला पाहिजे, तो आमच्या खात्याच्या अधिकारातला नाही.

तोपर्यंत ज्यांना यंदा पडीक वावर लागवडीखाली आणायचे आहे त्यांनी पोळ्याच्या आत गट ऑफिसमध्ये नाव द्यावे. सोबत सातबारा, आणि वावराचा हाताने काढलेला साधा नकाशा : विहीर कुठे, तार कुठे, जंगल कोणत्या बाजूला.